गाण्याचं अडनिडं वय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात असताना, २०१५-१६च्या सुमारास, जी गाणी तुम्ही रात्रंदिवस ऐकलीत ती परवा घर आवरताना सापडलेल्या एका जुन्या मेमरी कार्डात मिळाली. लावून बघितलीत तर निम्मी ऐकवेनात, ‘हे आपल्याला आवडायचं?’ असं झालं. दोन-तीन गाण्यांना मात्र डोळे भरून आले. तेव्हाची आपली आवड कच्ची होती, की गाणीच सुमार होती, की आपणच बदललो, असं तुम्ही विचारताय. आणि जाता जाता हेही, की आताची गाणी तशी भिडत का नाहीत.

मी सव्वीस वर्षं कराड-सातारा भागात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यातली पंधरा वर्षं संयोजनही करतो. गाणं ऐकण्याइतकंच गाणं ‘उतरवणं’ हे माझं रोजचं काम. रेकॉर्ड ऐकायची, गायकाची पट्टी ठरवायची, पहिला पीस कोणत्या वाद्याचा, मागे कॉर्ड कोणते, साइड रिदमला काय चाललंय, हे सगळं वहीत आणायचं आणि पाच-सहा माणसांत स्टेजवर उभं करायचं. त्यामुळे एखादं गाणं दहा वर्षांत आतून कसकसं बदलत जातं, ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. दहा वर्षं हे गाण्याचं अडनिडं वय असतं. जुनं म्हणून कौतुक व्हावं इतकं ते जुनं झालेलं नसतं आणि नवेपणा तर केव्हाच उडालेला असतो. या वयात गाण्याचा निकाल लावू नका, आणि ते आवडून घेणाऱ्या त्या वेळच्या तुमचाही लावू नका.

गाण्यात सगळ्यात आधी शिळा होतो तो टोन, म्हणजे वाद्याच्या आवाजाची जात. चाल नाही, शब्दही नाहीत. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-सेव्हन नावाचा कीबोर्ड आला. त्यातला काचेसारखा खणखणणारा इलेक्ट्रिक पियानो आणि घंटेसारखा आवाज पुढची पाच-सात वर्षं जगभरच्या गाण्यांत वाजला. १९८८ला कॉर्गचा एम-वन आला आणि त्याचा तो टणक पियानो नव्वदच्या दशकावर बसला. मी लाइनीत आलो २०००च्या आसपास. तेव्हा आमच्यातले सगळे त्या ऐंशीच्या टोनला नाकं मुरडायचे. कुणी चुकून लावला तर ‘काय लग्नाच्या कॅसेटचा आवाज काढलास’ म्हणायचे. आज माझ्याकडे शिकायला येणारी वीस-बावीस वर्षांची मुलं नेमका तोच टोन मागतात, ‘सर, तो जुना गोड आवाज कुठाय यात?’ टोन तोच आहे. मधे तो अडनिड्या वयातून जाऊन आला, एवढंच.

तुमच्या कार्डातल्या गाण्यांचंही तसंच आहे. २०१३ ते २०१६ या काळातली नाचाची गाणी परत ऐका. एक रुंद, करवतीसारखा सिंथ असतो, आम्ही त्याला ‘सुपरसॉ’ म्हणतो. किक, म्हणजे ठेक्यातला जाड ड्रमचा ठोका, पडली की बाकीचं सगळं संगीत क्षणभर दबतं आणि परत उसळतं, श्वास घेतल्यासारखं. गायकाच्या आवाजाचे तुकडे कापून बासरीसारखे वाजवलेले असतात. मुखड्याच्या आधी टाळ्यांचा वेग दुप्पट-चौपट होत जातो, एक क्षण शांतता आणि मग धाडकन ठेका. त्या दोन-चार वर्षांत मुंबईपासून थेट गावच्या डीजेपर्यंत सगळ्यांनी हेच केलं. एखादा आवाज सगळे एकाच वेळी वापरायला लागले की त्याच्यावर साल छापलं जातं. ढोलकीला, हलगीला, संबळाला असं साल चिकटत नाही, कारण त्यांची कधी एका हंगामापुरती फॅशन आली नाही. हार्मोनियमचंही तेच. म्हणून त्याच काळातलं पेटी-तबल्यावरचं गाणं आज ऐकताना तुम्हाला खटकलं नसेल. तुमच्या यादीत आहे का असं एखादं, जरूर बघा.

आता एक तांत्रिक बाब, जी फारसं कुणी सांगत नाही. त्या काळातली बरीच गाणी मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधी त्याच्या आवाजावर होणाऱ्या शेवटच्या कामात, दाबून मोठी केलेली आहेत. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, रिक्षात, दुकानात आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून हळू जागा वर उचलायच्या, मोठ्या जागा छाटायच्या. सगळं गाणं एका उंचीवर, कापलेल्या कुंपणासारखं सपाट. तेव्हा त्याचा फायदा व्हायचा. आज स्ट्रीमिंगचे अ‍ॅप सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक) आसपास असते. त्याहून मोठं गाणं आलं की अ‍ॅप त्याला खाली खेचतं. मग त्या गाण्याचा मोठेपणा जातो आणि दाबलेपण तेवढं शिल्लक राहतं. जवळच वाजणारं, मोकळं ठेवलेलं दुसरं गाणं त्याच्यापुढे जिवंत वाटतं. यात तुमच्या कानांचा दोष नाही.

त्यात तुमच्या कार्डातल्या फाइल. मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं, आठवत असेल. बहुतेक फाइल १२८ केबीपीएसच्या, म्हणजे जागा वाचवायला आकाराने दाबलेल्या, एमपी-थ्री असायच्या, कारण मिनिटाला एक एमबीच्या आतबाहेर जागा लागायची आणि चार जीबीच्या कार्डात सात-आठशे गाणी बसायची. एवढ्या दाबलेल्या फाइलमध्ये साधारण सोळा हजार हर्ट्झच्या वरचा भाग उडवलेला असतो आणि झांजेचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो. तेव्हाच्या इयरफोनवर ते कळायचं नाही, आताच्या हेडफोनवर कळतं. शिवाय तेव्हा तुम्ही होस्टेलच्या खोलीत मोठ्याने लावत असाल. आता रात्री मूल झोपलंय म्हणून किंवा ऑफिसात हळू लावत असाल. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलंय. ठेक्यावर उभं असलेलं गाणं हळू लावलं तर ते पोकळ वाटणारच. तेव्हा त्या निम्म्या गाण्यांना नापास करण्याआधी चांगली फाइल मिळवा आणि एकदा तरी मोकळ्या आवाजात ऐका.

एवढं करूनही काही गाणी उभी राहणार नाहीत, हेही खरं. ते कसं ओळखायचं, ते मला गेल्या वर्षी चैत्रातल्या एका यात्रेत फार स्पष्ट दिसलं.

वाई तालुक्यातलं गाव, रात्रीचे साडेदहा, कार्यक्रम रंगात आलेला आणि जनरेटर बंद पडला. माइक गेले, कीबोर्ड गेले, ऑक्टोपॅड गेला. दुरुस्तीला तासभर लागेल म्हणाले. लोक उठायला लागले तसं देवळातल्या भजनी मंडळाची पेटी कुणीतरी आणून माझ्यापुढे ठेवली. आमच्या ढोलकीवाल्याला वीज लागत नव्हतीच. गायक स्टेजवरून उतरून माणसांत येऊन बसला, चार मोबाइलचे टॉर्च त्याच्या तोंडावर धरलेले. फर्माइशीच्या चिठ्ठ्या माझ्या खिशात होत्या, त्या एकेक काढल्या. बहुतेक दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या गाण्यांच्या, कारण चिठ्ठ्या देणारी पोरं आता तिशीची आहेत.

पहिली चिठ्ठी होती एका डान्स नंबरची. त्याचं नाव नको, करणाऱ्यांनी कष्ट घेतले आहेत. तेव्हा दोन हंगाम त्याच्याशिवाय एक वरात निघत नव्हती. मी पेटीवर सूर धरला, गायकाने मुखडा म्हटला, दहा सेकंदांत मुखडा संपला. पुढे रेकॉर्डमध्ये तो धाडकन येणारा ठेका आहे, तो इथे आणायचा कशातून? तीन सुरांची एक ओळ आम्ही परत परत फिरवली. गायकाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आम्ही ते गाणं दीड मिनिटात सोडलं. लोकांनी टाळ्या दिल्या, पण कुणी बरोबर म्हटलं नाही.

दुसरी चिठ्ठी ‘याड लागलं’ची. दुसऱ्या ओळीपासून बायकाही म्हणायला लागल्या. मी कॉर्ड धरणं सोडून नुसती गळ्यामागे पेटी चालवली. अंतऱ्याच्या वर चढणाऱ्या जागेवर गायकाचा आवाज उघड्यावर पुरेना, तर ती जागा लोकांनी घेतली. माझ्या डाव्या हाताला दुधाच्या गाडीवर काम करणारा एक माणूस बसला होता, मांडीवर झोपलेली मुलगी. तो ओठ हलवत होता, आवाज काढत नव्हता, मुलगी उठेल म्हणून.

त्या गाण्याशी माझं नातं आणखी मागचं आहे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला लागला आणि मे महिन्यातल्या एकूण एक कार्यक्रमात त्याची गाणी मागितली गेली. अजय-अतुल यांनी त्याचा पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला होता, आणि आम्ही तो दोन कीबोर्डवर बसवायला निघालो होतो. मी हेडफोन लावून व्हायोलिनच्या ओळी एकावर एक लिहीत गेलो. पहिली, दुसरी, त्याखाली चेलो, त्यावर ब्रास. वहीचं पान भरलं तरी ओळी संपेनात. दोन माणसांना चार हात, त्यात एकाने बासरीचाही पीस घ्यायचा. पहाटे कधीतरी मी अर्ध्या ओळी खोडल्या. मनाला लागलं, कारण काय सुंदर लिहिलं होतं ते! पण कार्यक्रमात गाणं तसूभरही कमी पडलं नाही. मग २०१८ला ‘धडक’मध्ये तीच चाल हिंदी शब्द घेऊन आली, ‘पहली बार’ म्हणून. शब्द बदलले, भाषा बदलली, पट्टीवरचे सूर तेच, आणि मराठी न कळणारी माणसंही ते म्हणू लागली. साज काढून ठेवला तरी जी चाल आपल्या पायावर उभी राहते, तिला दहा वर्षं काही करत नाहीत.

हा प्रयोग तुम्हाला घरी करता येईल, पेटी नसली तरी. मोबाइल बंद करा आणि गाणं गुणगुणा. मुखडा नाही, अंतरा. मुखडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तो हजार वेळा कानावर पडलेला असतो. अंतऱ्याची चाल सलग आठवली, मधे वळणं आली, परत मुखड्यावर येताना ती जोडणारी जागा आली, तर ते गाणं तुम्ही नीट निवडलं होतं, वय कितीही असो. अंतऱ्याच्या जागी नुसता ठेकाच तोंडाने वाजवावा लागला, तर ते गाणं त्याच्या टोनमध्ये राहत होतं आणि टोनबरोबर गेलं. यातही शरमेचं काही नाही. नाचायला केलेलं गाणं नाचून झालं, त्याने काम चोख केलं.

अडनिडं वय ओलांडून आलेल्या गाण्यांचं उदाहरण तुमच्याच कॉलेजच्या काळातलं आहे. १२ नोव्हेंबर २०१५ला ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट आला. मूळ नाटक १९६७चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. मधल्या काळात, विशेषतः आमच्या ऑर्केस्ट्राच्या धंद्यात, नाट्यगीताची चिठ्ठी आली की तरुण वादक एकमेकांकडे बघायचे, ‘म्हातारे बसलेत वाटतं पुढे’. मीही बघितलंय तसं. आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी तीच पदं नव्या ध्वनिमुद्रणात आली तशी कॉलेजची मुलं ‘सुरत पिया की’ची फर्माइश करू लागली. चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चालीही होत्या, त्यातल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्या चाली जुन्यांशेजारी बसल्या आणि बिघडल्या नाहीत, हे मोठं काम आहे. माझ्या हाताखालच्या दोन मुलांनी त्यानंतर रीतसर शास्त्रीय गाणं शिकायला सुरुवात केली. त्यातला एक आज शिकवतो.

आता तुमच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या त्या दोन-तीन गाण्यांबद्दल.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात. मानसशास्त्रात त्याला ‘रेमिनिसन्स बंप’ म्हणतात. तुमचं कार्ड नेमकं त्या वयात भरलेलं आहे, त्यामुळे त्यातलं प्रत्येक गाणं काही ना काही आठवण धरून असायला हवं होतं. मग दोन-तीनच का रडवतात? माझ्या अनुभवात याचं कारण असं की बाकीची गाणी तुम्ही मधल्या दहा वर्षांत ऐकत राहिलात. गाणं दर वेळी ऐकताना त्याला त्या दिवसाचंही थोडं चिकटतं. गाडी चालवताना, जिममध्ये, भाचीच्या गॅदरिंगला, सोसायटीच्या गणपतीत असं दोनशे वेळा ऐकलं की कॉलेज त्याच्याखाली गाडलं जातं. ‘सूर निरागस हो’ हे माझ्यासाठी तसं झालंय. दहा वर्षं आमचा कार्यक्रम त्यानेच सुरू होतो. मला ते अजून आवडतं, वाजवताना मन लागतं, पण ते मला कुठेही घेऊन जात नाही.

उलट २०१५च्या ‘डबल सीट’मधलं ‘किती सांगायचंय मला’. ते आमच्या यादीत कधी आलं नाही, फर्माइश क्वचित यायची. त्या पावसाळ्यात माझे वडील सोळा दिवस इस्पितळात होते आणि मी रात्री बाकावर बसून हेच ऐकायचो, का ते आता सांगता येणार नाही. पुढे सात-आठ वर्षं ते माझ्या कानावर पडलं नाही. मग एकदा उंब्रजजवळ चहाला थांबलो होतो, टपरीवर रेडिओ लागलेला आणि ते सुरू झालं. मला घरून आलेल्या स्टीलच्या डब्याचं झाकण दिसलं, आतल्या बाजूने वाफेचं पाणी जमलेलं, आणि वडील ‘तू खा आधी’ म्हणत होते. चहा हातात तसाच निवला. वडिलांचा कुठलाही फोटो मला इतक्या जवळ नेत नाही.

म्हणून ज्या गाण्यांना रडू आलं ती तुमच्याकडची सगळ्यात जपून ठेवलेली गाणी आहेत, चांगली-वाईट हा प्रश्नच त्यांना लागत नाही. त्यातलं एखादं अंतऱ्याच्या परीक्षेत साफ नापास होईल. होऊ दे. संगीत म्हणून साधं असलेलं गाणं आठवण म्हणून अनमोल असू शकतं. ‘गाणं चांगलं’ आणि ‘गाणं माझं’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या बोला, म्हणजे कुणाशी भांडणही होणार नाही आणि स्वतःची लाजही वाटणार नाही.

आताची गाणी भिडत नाहीत याबद्दल थोडक्यात. आजचे संगीतकार कमी पडतात असं मला अजिबात वाटत नाही, मी दर महिन्याला नवी गाणी उतरवतो आणि त्यांतल्या कित्येकांपुढे मान तुकवावीशी वाटते. बदललंय ते ऐकणं. कार्डात सातशे गाणी होती, महिना-दोन महिने तीच होती. न आवडलेलंही चार वेळा कानावरून जायचं आणि चौथ्या वेळेला आवडायचं. सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, कार्ड भरायची गरज संपली आणि त्याबरोबर गाण्याला चौथी संधी मिळणंही संपलं. रीलमध्ये तर पंधरा-वीस सेकंदांचा तुकडाच पोचतो. गाणं उतरवताना मला ते किमान तीस वेळा ऐकावं लागतं आणि आठव्या-दहाव्या वेळेला त्यातली खरी जागा सापडते. तुम्ही नवी फक्त पाच गाणी निवडा आणि महिनाभर तीच ऐका, पूर्ण ऐका, मधे बोट न लावता. शक्य झालं तर कुणाबरोबर तरी ऐका. होस्टेलच्या खोलीत तुम्ही एकट्या नव्हतात, हेही त्या आवडीचं एक कारण होतं.

शेवटी कार्डाचं. ते वापराविना पडून राहिलं की त्यातला डेटा हळूहळू खराब होतो, तेव्हा आजच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. निम्मी गाणी पुसायचा मोह होईल, पुसू नका. फाइलची वेडीवाकडी नावं, वेबसाइटचे पत्ते चिकटलेली, तशीच ठेवा. क्रमही तोच ठेवा, कारण एक गाणं संपताना पुढचं कुठलं येणार हे तुमच्या कानांना अजून माहीत असेल. आणि ती रडवणारी दोन-तीन गाणी रोजच्या प्लेलिस्टमध्ये घालू नका. वर्षातून एकदा, ठरवून, एकटीने ऐका.